आठ मीटर खाली सहा महिने: दाब-तापमान लॉगरचा अनुभव

ऑक्टोबरच्या मध्यावर मालवणजवळ, सरासरी आठ मीटर पाण्यात, सिमेंटच्या ठोकळ्याला बांधून हा लॉगर, म्हणजे दाब आणि तापमान आपोआप नोंदवत राहणारं यंत्र, सोडला आणि एप्रिलमध्ये काढला. मधे दोनदा बुडी मारून साफसफाई. कंपनीचं नाव घेत नाही; या जातीची बहुतेक यंत्रं अशीच वागतात.

आधी तक्रार. तळावरचं यंत्र लाट बघत नाही, डोक्यावरच्या पाण्याचा दाब बघतं. तो दाब खाली येईस्तोवर विरतो, आणि आखूड लाटेचा फारच लवकर. आठ मीटरवर १२ सेकंदांच्या (दोन शिखरांमधला वेळ) लाटेचा नव्वद टक्के दाब पोचतो, ४ सेकंदांच्या लाटेचा जेमतेम पाव. फेब्रुवारीनंतर दुपारचा वारा सुटला की आमची होडी अशी आपटायची की चहा कपात राहत नसे. यंत्राच्या नोंदीत मात्र समुद्र निजलेला! सूत्र लावून हरवलेली उंची परत मिळवता येते, पण एका हद्दीपलीकडे ते सूत्र लाटेऐवजी सेन्सरची खरखरच फुगवतं. मी ४ सेकंदांच्या खालचं सगळं सरळ कापून टाकलं.

उलट वारा पूर्ण पडलेला असताना दक्षिण हिंदी महासागरातून आलेली १४-१५ सेकंदांची लाट इतकी स्वच्छ उमटते की यंत्राचे पैसे वसूल. दर तासाला २ हर्ट्‌झने (सेकंदाला दोन) २०४८ नोंदी, म्हणजे सतरा मिनिटं. याहून कमी घेऊ नका, अशा लांब लाटा मोजायला पुरत नाहीत.

तापमानात मात्र मी खूश. पावसाळ्यात खालून वर आलेलं गार पाणी ऑक्टोबरातही किनाऱ्याजवळ रेंगाळतं. गार आणि कोमट थरांच्या सीमेवरही लाटा चालतात, वरून काही दिसत नाही. पहिल्याच आठवड्यात तळाचं पाणी काही तासांत दोन अंशांनी उतरलं नि पुन्हा चढलं, साधारण भरती-ओहोटीच्या तालावर. शेजारी बांधलेला स्वस्त, प्लॅस्टिकच्या जाड कवचाचा लॉगर प्रत्येक वेळी मागून धापा टाकत यायचा. सोडण्याआधी दोन्ही वितळत्या बर्फाच्या बादलीत तासभर ठेवा. शून्य दाखवतात की नाही ते तिथेच कळतं.

एक चूक माझीच. लॉगर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ), हवेचा दाब वजा करायला किनाऱ्यावर ठेवलेला बॅरोमीटर भारतीय वेळेवर. साडेपाच तासांचा घोळ शोधायला दोन दिवस गेले.

शेवाळ, बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचधारी जीव) यांना इलाज नाही. यंत्राच्या अंगाला इन्सुलेशन टेप गुंडाळा, काढताना सगळं सोलून निघतं. दाबाचं भोक मात्र उघडं ठेवा. ओ-रिंगला (पाणी आत येऊ न देणारं रबरी कडं) दर वेळी ग्रीस. खूण म्हणून बोया लावणार होतो, तर होडीचे तांडेल म्हणाले, "बोया दिसलो काय कोणतरी ओढून बघतलोच." मग नुसत्या जीपीएसवर भागवलं. दुसऱ्या खेपेला गढूळ पाण्यात चाळीस मिनिटं चाचपडलो, पण यंत्र जागेवर होतं.

येत्या ऑक्टोबरला हेच पाच मीटरवर लावणार. तिथे ४ सेकंदांच्या लाटेचा निम्म्याच्या आसपास दाब मिळतो. तांडेलांनी जागा दाखवून ठेवलीय.