गुंडाळलेल्या जिबवर खोळ: हंगामभर वापरल्यानंतर

मुंबई बंदरात मुरिंगवर (पाण्यात नांगरलेल्या बोयाला बांधून) शिडाची बोट ठेवणाऱ्यांसाठी लिहितोय. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर येतात, पण ऑक्टोबर ते मे फरलरवर (शीड गुंडाळायच्या फिरत्या यंत्रणेवर) गुंडाळलेली जिब, म्हणजे पुढचं शीड, उन्हात तशीच उभी असते. मेनसेलवर (मुख्य शिडावर) आपण आठवणीने कव्हर घालतो, जिबचं काय?

माझ्या जिबच्या मागच्या आणि खालच्या कडेला अ‍ॅक्रिलिकची पट्टी शिवलेली होती. गुंडाळल्यावर तीच बाहेर राहते आणि ऊन खाते. कापड अजून धड होतं, पण शिवणीचा पॉलिस्टर दोरा नखाने उचलला की तुटत होता. शिवाय पट्टीच्या वजनाने सकाळच्या मंद मतलईत (जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यात) शिडाची मागची कड लोंबायची. म्हणून पट्टी उसवली आणि पूर्ण लांबीची खोळ शिवून घेतली. पीटीएफई (टेफ्लॉनचा) दोरा महाग पडला, पण तो उन्हाने कुजत नाही, तिथे काटकसर नको.

ही खोळ खाली जिबभोवती धरायची, स्पिनेकरच्या (पुढच्या फुगणाऱ्या शिडाच्या) हॅलयार्डने, म्हणजे शीड वर ओढायच्या दोरीने, चढवत जायची आणि चेन (झिप) लावत राहायची. शेवटी बाजूची दोरी खालून कचकचून आवळायची. आवळणं हाच खरा भाग! ढिली राहिली तर खोळीतच वारा भरतो, फडफड सुरू होते आणि फोरस्टेसकट (डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेसकट) डोलकाठी हादरते.

उन्हाच्या बाबतीत मी पूर्ण समाधानी आहे. पक्ष्यांची घाण नाही, बंदरातली काजळी नाही, हंगाम संपताना जिब पांढरीच. मात्र ओली जिब आत घालू नका, बुरशीचे काळे ठिपके पडतात. चेनची धातूची कडी खाऱ्या हवेत लवकरच अडकली, आता प्लॅस्टिकची आहे. दुपारचा वारा चढला की एकट्याने खोळ चढवणं अवघड, हाताशी माणूस हवा.

वादळाचं मात्र वेगळं. जिब फाटायला सुरुवात होते ती वीतभर सुटलेल्या कडेपासून. तिथे वारा शिरतो, फरलरची दोरी सरकते, वेढे सुटतात आणि मग फडफडून चिंध्या व्हायला वेळ लागत नाही. एप्रिल-मेच्या संध्याकाळच्या वावटळीला खोळ पुरते, पण गुंडाळतानाच शीटवर (शिडाचा मागचा कोपरा ओढायच्या दोरीवर) ताण ठेवून घट्ट गुंडाळा, वरून शीटचे दोन-तीन वेढे घ्या आणि फरलरची दोरी जॅमरवर (दोरी दाबून धरणाऱ्या पकडीवर) न सोडता क्लीटला (दोरी बांधायच्या खुंटीला) बांधा. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले. तसल्या वाऱ्यात खोळीचा भरवसा धरू नये. इशारा आला की वारा चढायच्या आत जिब उतरवायची, घडी घालून घरी न्यायची.

रोज बोट काढणाऱ्याला पट्टीच सोयीची. रविवारी-सुटीला जाणाऱ्यांनी खोळ घ्यावी, आणि माप गुंडाळलेल्या जिबवर, शीटच्या वेढ्यांसकट द्यावं.