स्वाझिलँड अजून भिंतीवरच: एका मराठी जागतिक नकाशाविषयी

सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या लहानशा अभ्यासिकेसाठी जगाचा मराठी नकाशा हवा होता. त्यासाठी गेल्या महिन्यात नवी पेठेतील एका शालेय साहित्याच्या दुकानातून 420 रुपयांना भिंतीवर टांगण्याचा लॅमिनेट केलेला नकाशा आणि त्यासोबत मिळणारी 16 पानी माहिती-पुस्तिका घेतली. प्रकाशकाचे नाव येथे देत नाही, कारण ज्या चुकांविषयी मी लिहिणार आहे त्या या एकाच प्रकाशकाच्या आहेत असे मला वाटत नाही. मराठीत नकाशे छापणाऱ्या बहुतेकांची सवयच तशी आहे.

छपाई चांगली आहे. रंग फिके आणि डोळ्यांना सुखावणारे आहेत, वरखालच्या पट्ट्या मजबूत आहेत आणि गुंडाळून ठेवला तरी नकाशाला घडी पडत नाही. ट्यूबलाइटसमोर लावल्यास मात्र अर्धी आफ्रिका चकाकीत दिसेनाशी होते, त्यामुळे जागा विचारपूर्वक निवडावी लागते.

पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ‘2024ची सुधारित आवृत्ती’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. नकाशावर दक्षिण सुदान स्वतंत्र दाखवला आहे, म्हणजे माहिती 2011 नंतरची आहे हे नक्की. पण त्याच खंडाच्या दक्षिण टोकाशी ‘स्वाझिलँड’ आहे, आणि ग्रीसच्या डोक्यावर नुसते ‘मॅसिडोनिया’ आहे. स्वाझिलँडच्या राजाने 19 एप्रिल 2018 रोजी, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, देशाचे नाव इस्वातिनी केल्याचे जाहीर केले. दोन्ही नावांचा अर्थ एकच, स्वाझी लोकांची भूमी. फरक एवढाच की नव्या नावात ‘लँड’ हा इंग्रजी शब्द राहिला नाही. मॅसिडोनियाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. हे नाव आमच्या इतिहासाचे आणि आमच्या एका प्रांताचे आहे, असा ग्रीसचा आक्षेप असल्यामुळे अनेक वर्षांच्या वादानंतर 2018च्या जूनमध्ये प्रेस्पा सरोवराकाठी करार झाला आणि 2019च्या फेब्रुवारीपासून तो देश ‘उत्तर मॅसिडोनिया’ झाला. एका शब्दासाठी दोन देशांनी एवढे रामायण घडवले असताना आपल्याकडील ‘सुधारित’ आवृत्तीत तो शब्द येऊ नये, ही गोष्ट मी छपाईची चूक म्हणून सोडून देणार नाही.

‘टर्की’ या नावाने तर मला खरोखर चीड आली. इंग्रजीत हा शब्द एका पक्ष्याचेही नाव असल्यामुळे त्या देशाला तो नकोसा झाला होता, आणि 2022च्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांच्या विनंतीवरून ‘तुर्किये’ हे रूप स्वीकारले. मराठीत ही अडचण कधीच नव्हती, कारण आपल्याकडे ‘तुर्कस्तान’ आणि ‘तुर्की’ हे शब्द पूर्वापार आहेत. हाताशी असलेले मराठी नाव टाकून देऊन इंग्रजीतील पक्षी उसना आणण्याचे कारण मला समजले नाही.

याउलट जेथे या नकाशाने मराठीचा मान राखला आहे, तेथे तो फार चांगला वाटतो. ‘म्यानमार’ या नावाखाली लहान अक्षरांत ‘ब्रह्मदेश’ लिहिले आहे आणि मंडालेचा ठिपकाही दाखवला आहे. 1908 ते 1914 या काळात लोकमान्य टिळक जेथे बंदिवासात होते ते गाव मुलांना बोट ठेवून दाखवता येते, आणि आजीच्या तोंडचा ब्रह्मदेश तो हाच, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. पुस्तिकेत मात्र लिहिले आहे की ‘सर्व जमातींना सामावून घेण्यासाठी 1989 मध्ये बर्मा हे नाव बदलून म्यानमार करण्यात आले’. हा तेथील लष्करी राजवटीचा दावा आहे, आणि तो दावा म्हणूनच छापायला हवा होता. बर्मा आणि म्यानमार ही दोन्ही रूपे एकाच मूळ शब्दापासून आलेली आहेत, एक बोलीतले आणि दुसरे ग्रंथातले, आणि तो शब्द बहुसंख्य बामार समाजाचा आहे. त्यामुळे तेथील कचिन, कारेन किंवा शान अशा अल्पसंख्य जमातींच्या माणसाला पाटी बदलल्याने घर आपले झाले असे वाटण्याचे काही कारण नव्हते.

नेदरलँड्सवर ‘हॉलंड’ छापले आहे. त्या देशात बारा प्रांत असून त्यांपैकी फक्त दोघांच्या नावात हॉलंड आहे. 2020पासून तेथील सरकारनेही आपल्या प्रचारातून ते नाव वगळले. बाहेरगावी कोणी साऱ्या महाराष्ट्राला मुंबई म्हटले तर सोलापूरकराला जे वाटेल, तेच तेथील फ्रीसलँड प्रांताच्या माणसाला वाटत असणार. (आपला ‘वलंदेज’ हा शब्दही त्याच हॉलंडमधून, पोर्तुगीजांच्या मार्फत आलेला आहे, पण तो इतिहासात राहू द्यावा.) ‘आयव्हरी कोस्ट’च्या बाबतीतही हेच झाले आहे. आमच्या नावाचे भाषांतर करू नका, कोत दिव्हुआर असेच म्हणा, असे त्या देशाने 1980च्या दशकातच जगाला सांगितले होते.

या साऱ्यात मुलांना सर्वाधिक आवडले ते अचूक छापलेले ‘बुर्किना फासो’ हे नाव. पूर्वी एका नदीवरून अप्पर व्होल्टा म्हणवल्या जाणाऱ्या या देशाला 4 ऑगस्ट 1984 रोजी थॉमस सांकारा यांच्या राजवटीत हे नाव मिळाले. ‘बुर्किना’ हा मोरे भाषेतला शब्द, त्याचा अर्थ सचोटीचे लोक. ‘फासो’ हा द्युला भाषेतला, म्हणजे पितृभूमी. आणि तेथील नागरिकाला ‘बुर्किनाबे’ म्हणतात, त्यातला ‘बे’ हा प्रत्यय फुला भाषेतला. एका देशाच्या नावात तीन भाषांनी वाटा उचललेला आहे. आमच्या अभ्यासिकेत घरी तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे हे सांगताच त्यांनी सोलापूरसाठी असे नाव शोधण्याचा उद्योग सुरू केला. सातवीतल्या एका मुलीने तेलुगूतला ‘मंची’, म्हणजे चांगला, पुढे केला. दुसऱ्याने त्याला मराठी ‘गाव’ जोडले. आणि मागच्या बाकावरून ‘वाले’ आले. त्या दिवसापासून आम्ही सगळे ‘मंची गाववाले’ आहोत. त्याच मुलीच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या येथे मागावर बसल्या, आणि तरीही ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न तिला अजून विचारला जातो, हे मला माहीत असल्यामुळे या खेळात मी फार वेळ जाऊ दिला.

पुस्तिकेत देशांच्या तक्त्यात ‘नागरिक’ असा एक रकाना आहे. कल्पना उत्तम, पण अंमलबजावणी निष्काळजी. बांगलादेशपुढे ‘बंगाली’ असे लिहिले आहे. 1933 मध्ये चौधरी रहमत अली यांनी प्रांतांच्या नावांतील अक्षरे जोडून पाकिस्तान हे नाव तयार केले तेव्हा त्यात बंगालचे अक्षर नव्हते. 1971 मध्ये पाकिस्तानच्या त्याच पूर्व भागाचा, म्हणजे पूर्व बंगालचा, नवा देश झाला आणि त्याने बंगालचे नाव अभिमानाने धारण केले. मात्र 1972च्या घटनेत सर्व नागरिकांना बंगाली म्हटले जाणार असे दिसताच चितगाव डोंगराळ प्रदेशाचे प्रतिनिधी मानवेंद्र नारायण लारमा यांनी, आम्ही बंगाली नाही, असे सभागृहात ठामपणे सांगितले. आज तेथील घटना राष्ट्र म्हणून ‘बंगाली’ आणि नागरिक म्हणून ‘बांगलादेशी’ असे दोन शब्द वापरते. एका रकान्यात हा वाद मावणार नाही हे मान्य. पण रकान्याचे शीर्षक ‘नागरिक’ असेल तर त्याखाली ‘बांगलादेशी’ हेच यायला हवे.

नकाशाच्या तळाशी ‘देश व टोपणनावे’ अशी पट्टी आहे, आणि स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकांतून ती जशीच्या तशी उचललेली दिसते. जपान उगवत्या सूर्याचा देश, नॉर्वे मध्यरात्रीच्या सूर्याचा, फिनलँड हजार सरोवरांचा; येथवर ठीक. त्याच ओळीत ‘आफ्रिका: काळे खंड’ असे आहे, आणि आफ्रिका देश नाही एवढाही विचार छापणाऱ्याने केलेला नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपीय प्रवाशांना त्या खंडाच्या आतले काही ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी त्याला अंधारे म्हटले. काळोख पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होता. दक्षिण आफ्रिकेसाठी तेथील धर्मगुरू डेस्मंड टुटू यांनी ‘इंद्रधनुष्यी राष्ट्र’ असे नाव दिले होते, आणि 1994 मध्ये नेल्सन मंडेला यांनी ते आपल्या भाषणात घेतले. ते या पट्टीत नाही, तेथे ‘सोन्याचा देश’ आहे.

भारतावर अर्थातच ‘भारत’ असे मोठ्या अक्षरांत आहे. मराठी नकाशाला येथे डोके खाजवावे लागत नाही, आणि घटनेच्या पहिल्या अनुच्छेदाने ‘इंडिया, म्हणजेच भारत’ असे म्हणून दोन्ही नावे आधीच जवळ ठेवली आहेत.

चुकांची यादी घेऊन मी दुकानात परत गेलो. दुकानदारांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, “सर, बदलून देतो की, पण दुसऱ्यातबी हेच छापलेलं असणार.” पैसे परत करण्याचीही त्यांची तयारी होती, दुकानाबद्दल माझी तक्रार नाही. नकाशा मी ठेवून घेतला, कारण या आकारात आणि या किमतीत मराठीत दुसरा मिळाला नाही. पाचपैकी तीन गुण, त्यातला एक केवळ ब्रह्मदेशासाठी. मुलांनी नव्या नावांच्या चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या आहेत, ‘काळे खंड’वर कोरा कागद लावला आहे, मात्र लॅमिनेशनवर डिंक धरत नाही, आणि इस्वातिनीची चिठ्ठी आतापर्यंत दोनदा गळून पडली आहे.