रूझवेल्ट यांची दोन भाषणं: शपथविधीचं की रेडिओवरचं?

‘भीती बाळगायची ती फक्त भीतीचीच’ हे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं ४ मार्च १९३३च्या शपथविधीतलं वाक्य गाजलं. धीर आला, पण तेव्हा बंद पडलेल्या बँकांत अडकलेल्या पैशाचं काय, ते कळेना.

१२ मार्चच्या रात्रीचं रेडिओ भाषण मला कितीतरी सरस वाटतं. ठेवी तिजोरीत पडून नसतात, कर्जात आणि रोख्यांत गुंतवलेल्या असतात. सगळे एकदम काढायला धावले की भक्कम बँकही कोलमडते, हे त्यांनी सोप्या शब्दांत उलगडलं. मग बँका पुन्हा उघडण्याचं वेळापत्रक: सोमवारी फेडरल रिझर्व्हच्या (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) १२ शहरांतल्या तपासलेल्या बँका, मंगळवारी क्लिअरिंग हाऊस (बँकांचे आपसातले धनादेश वटवणारी संस्था) असलेल्या शहरांतल्या, पुढे बाकीच्या. तुमची बँक पहिल्या दिवशी उघडली नाही म्हणजे बुडाली असं नव्हे, हेही आधीच बजावलं. सोमवारी लोक पैसे परत भरू लागले. अर्थात, ९ मार्चच्या आणीबाणी बँकिंग कायद्याचं पाठबळ त्यामागे होतंच.