स्टिकर काढून देण्याच्या नावाखाली घातलेला ९,१९९ रुपयांचा गंडा

मार्च महिन्यात मी सहा वर्षे वापरलेली एक रुपेरी हॅचबॅक गाडी विकत घेतली. गाडी चांगली होती, परंतु आधीच्या मालकाने तिच्यावर तीन स्टिकर चिकटवले होते: मागच्या बंपरवर एक मोठा, गिअरभोवतीच्या चकचकीत काळ्या पट्टीवर सोसायटीच्या पार्किंगचा आणि डाव्या हेडलाइटच्या कडेला एक लहानसा. उन्हाने ते इतके वाळले होते की नखाने उचलायला गेले तर नुसत्या कपच्या निघत आणि खालचा गोंद तसाच राहत असे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एका कार डिटेलिंगच्या (गाडीची सखोल सफाई आणि पॉलिश करणाऱ्या) दुकानाची जाहिरात मोबाइलवर आली: ‘प्लास्टिकवरील जुने स्टिकर ओरखडा न पडता काढून मिळतील, फक्त ४९९ रुपये.’ माझे दीर म्हणत होते की आधी नाना पेठेतल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन दोन-चार ठिकाणी विचारून ये. मी ऐकले नाही, कारण मार्चअखेर होती आणि मला एकच रविवार मोकळा होता.

दुकानदाराने आधी प्रात्यक्षिक दाखवले. माझ्याच गाडीच्या दारावर त्याने एक नवा स्टिकर चिकटवला आणि कसल्याशा द्रावणाने अर्ध्या मिनिटात पुसून काढला. दार पत्र्याचे होते आणि स्टिकर ताजा होता. माझे काम मात्र प्लास्टिकचे आणि सहा वर्षांच्या गोंदाचे होते. हा फरक मला तिथे उभी असताना सुचला नाही. त्यानंतर तो म्हणाला, “ताई, तुमचा गोंद फार जुना आहे, त्याला बाहेरून मागवलेले केमिकल लागेल, त्याचे २,२०० वेगळे होतील.” मी होकार दिला. रजिस्टरमध्ये सही घेतली, तीही मी दिली. ‘जुन्या प्लास्टिकची जबाबदारी दुकानाची नाही’ हे वाक्य त्या सहीच्या वर छापलेले होते, ते मी घरी आल्यावर मोबाइलमधील फोटोत वाचले.

आता तो क्षण सांगते, कारण तो आठवला की आजही माझा जीव जळतो. दुकानातल्या मुलाने लेबल नसलेल्या बाटलीतून कापडावर द्रावण ओतले आणि गिअरजवळची पट्टी घासायला सुरुवात केली. गाडीत नेलपॉलिश रिमूव्हरचा वास भरला. हा वास माझ्या मुलीमुळे मला पुरता ओळखीचा आहे. स्टिकर निळा होता, गोंद पिवळट होता आणि कापड मात्र काळे होत चालले होते. मी विचारले, “अहो, हा काळा रंग कसला निघतो आहे?” मुलगा म्हणाला, “ताई, वर्षानुवर्षांची घाण आहे.” ती घाण नव्हती, माझ्या गाडीची पट्टीच विरघळून कापडावर उतरत होती. त्याच क्षणी मी त्याचा हात धरायला हवा होता. मी एका पतसंस्थेत बावीस वर्षे हिशेब तपासते आहे, एका रुपयाची तफावत माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि डोळ्यांसमोर काळे होणारे कापड पाहून मी गप्प बसले. माझी बाजू एवढीच की समोरचा माणूस हे काम रोज करतो, असे मी धरून चालले होते.

पट्टी पांढुरकी आणि चिकट झाली. मुलाने अंगठ्याने दाबून पाहिली, तर अंगठ्याचा ठसा तिच्यात कायमचा उमटला. बंपरचा रंग स्टिकरच्या आकाराइतका मऊ पडून निघाला आणि हेडलाइटच्या कडेला केसासारख्या बारीक भेगा आल्या. यावर दुकानदाराचे उत्तर तयार होते: प्लास्टिक मुळातच ‘थकलेले’ आहे, ६,५०० रुपयांचे सिरॅमिक कोटिंग, म्हणजे वरून चढवायचा संरक्षक थर, केले की सगळे झाकले जाईल. मी तेही पैसे दिले, कारण तशी विद्रूप गाडी घरी नेण्याची मला लाज वाटत होती. ते कोटिंग दुसऱ्याच धुण्यात वाहून गेले. एकूण ९,१९९ रुपये मी यूपीआयने दिले. ते दुकानाच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या खात्यात गेले. पावती कच्ची मिळाली. नंतर नाना पेठेतून नवी पट्टी ३,८५० रुपयांना आणली आणि बंपर रंगवायला ५,४०० रुपये पडले. म्हणजे तीन स्टिकरांपायी माझे १८,४४९ रुपये गेले, आणि हेडलाइट अजून तसाच आहे.

जुनी पट्टी काढली तेव्हा तिच्या मागे ‘एबीएस’ ही अक्षरे उठवलेली दिसली. हा प्लास्टिकचा एक प्रकार आहे. त्याला अ‍ॅसिटोन, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असते ते द्रावण, विरघळवते आणि हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकला त्याने भेगा पडतात. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो तग धरतो, पण वरचा रंग धरत नाही. थिनर, पेट्रोल किंवा वास मारणारे कोणतेही अनामिक द्रावण प्लास्टिकजवळ येऊ देऊ नका. हेअर ड्रायरने स्टिकर मिनिटभर कोमट करून जुन्या प्लास्टिक कार्डाने कडेपासून सावकाश उचलावा, लोखंडी पाते वापरू नये. उरलेल्या गोंदावर खोबरेल तेल पंधरा-वीस मिनिटे ठेवून मऊ कापडाने पुसावे आणि साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे. हे मला आता कळले, आणि याचा खर्च शून्य आहे. स्टिकरखालचा भाग उन्हापासून वाचल्यामुळे तेवढाच गडद राहतो. ती खूण पूर्ण घालवून देतो असे कोणी म्हणाले, तर तिथून निघून या.

चौकीवर मी दोनदा गेले. पहिल्या वेळी साहेब बंदोबस्तावर होते. दुसऱ्या वेळी दीड तास बसवून सांगितले, “ताई, ही दिवाणी बाब आहे, सही तुमचीच आहे.” मी भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ चा उल्लेख केला, तेव्हा अर्ज ठेवून जा म्हणाले, पोच मागितली तर शिक्का सापडत नव्हता. बँकेने सांगितले की व्यवहार तुम्ही स्वतः केला आहे, आम्ही काही करू शकत नाही. ज्या कार्यालयात तक्रार नोंदवायला गेले, तिथे पक्के बिल मागितले. फसवणाऱ्याने बिल दिले नाही म्हणून तक्रार करावी, तर तक्रारीसाठी तेच बिल आणा म्हणतात! वास्तविक बिल न देणे हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि हे खिडकीमागच्या माणसाला मी समजावून सांगायचे? तो मान वर न करता पुढच्या माणसाला हाक मारत होता. माझी अर्ध्या दिवसाची रजा त्या खिडकीपाशी संपली.

गाडी कोणाच्याही हाती देण्यापूर्वी प्रत्येक प्लास्टिक भागाचा तारखेसह फोटो काढा. बाटलीवरचे नाव वाचल्याशिवाय झाकण उघडू देऊ नका, आणि प्रात्यक्षिक प्लास्टिकच्याच झाकल्या कोपऱ्यावर मागा.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, म्हणून मी स्वतः अर्ज लिहायला घेतला आहे. यूपीआयच्या नोंदी, रजिस्टरचा फोटो आणि कच्ची पावती जोडली आहे. अंगठ्याचा ठसा उमटलेली ती पट्टी एका पिशवीत बांधून कपाटात ठेवली आहे. सुनावणीला ती मी सोबत नेणार आहे.