फिरत्या डिस्कसाठी डीफ्रॅगर निवडताना: काही प्रोग्रॅम वापरून पाहिल्यानंतरचे मत

डीफ्रॅगचे, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे सलग जुळवण्याचे, सॉफ्टवेअर (डीफ्रॅगर) शोधण्याआधी संगणकात कोणत्या प्रकारची डिस्क आहे हे पाहून घ्यावे, कारण ती एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) असेल तर हा शोध तिथेच संपतो. विंडोजच्या ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ या खिडकीत प्रत्येक ड्राइव्हपुढे तिचा प्रकार लिहिलेला असतो. एसएसडीमध्ये फिरणारी तबकडी नसते आणि वाचणारे डोकेही नसते. त्यामुळे फाइलचे तुकडे कुठेही पडलेले असले तरी ते जवळपास सारख्याच वेळात हाती येतात. उलट ते जुळवण्यासाठी केलेले प्रत्येक लेखन तिच्या मर्यादित आयुष्यातून वजा होते. अशा ड्राइव्हला विंडोज स्वतःच ट्रिमचा (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचे कळवणारा) आदेश देते आणि तेवढे पुरते. पुढचे सगळे लिखाण फिरत्या हार्ड डिस्कपुरते आहे, म्हणजे जुना संगणक किंवा फोटो, चित्रफिती आणि बॅकअप साठवण्यासाठी ठेवलेली मोठी डिस्क.

तुकड्यांनी नेमके किती नुकसान होते, याचा हिशेब एकदा कागदावर केला की जाहिरातींचा प्रभाव बराच ओसरतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पुरा होतो. हवा तो भाग डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते आणि डोके योग्य मार्गावर सरकण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. म्हणजे प्रत्येक नव्या तुकड्यामागे साडेबारा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ निव्वळ वाट पाहण्यात जातो. सेकंदाला १५० मेगाबाइट वाचणाऱ्या डिस्कवर १०० मेगाबाइटची सलग फाइल पाऊण सेकंदाच्या आत वाचून होते. तीच फाइल २००० ठिकाणी विखुरलेली असेल तर त्यात पंचवीस सेकंदांची भर पडते. हा फरक कोणालाही जाणवेल. परंतु चार गिगाबाइटच्या चित्रपटाचे वीस तुकडे झाले असतील, तर संपूर्ण चित्रपट वाचताना मिळून पाव सेकंद वाया जातो, आणि तो वाचवण्यासाठी डिस्कला तासभर राबवण्यात काहीच अर्थ नाही. तेव्हा तुकडे किती झाले यापेक्षा ते किती बारीक आहेत हे महत्त्वाचे ठरते, आणि माझ्या मते डीफ्रॅगर निवडण्याची पहिली कसोटी हीच आहे: कोणत्या फाइलला हात लावायचा नाही, हे त्याला कळते का?

या कसोटीवर विंडोजसोबत येणारा डीफ्रॅगर अपेक्षेपेक्षा बराच वर ठरला. ६४ मेगाबाइटपेक्षा मोठ्या तुकड्यांना तो तुकडे मानतच नाही. वरचाच हिशेब पुढे नेला तर यामागचे कारण कळते: ६४ मेगाबाइट वाचायला चारशेहून अधिक मिलिसेकंद लागतात, आणि त्यात साडेबारा मिलिसेकंदांची भर म्हणजे जेमतेम तीन टक्के. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने त्याच डिस्कचे विश्लेषण केले की विखंडनाचा, म्हणजे फाइली तुकड्यांत विखुरल्याचा, आकडा अचानक फुगतो आणि ‘विंडोजचा डीफ्रॅगर काहीच करत नाही’ असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. वास्तविक दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात. हा डीफ्रॅगर ठरल्या वेळापत्रकानुसार, बहुधा आठवड्यातून एकदा, संगणक रिकामा असताना काम उरकतो आणि मध्येच कोणी कामाला बसले तर मागे सरतो. कमांड प्रॉम्प्टमधून चालवला तर तो सविस्तर अहवालही देतो. खिडकीत मात्र एका टक्केवारीपलीकडे काही दिसत नाही.

हे ‘काही न दिसणे’ हीच त्याच्याविरुद्धची सर्वांत जुनी तक्रार आहे. १९९३ साली एमएस-डॉस ६सोबत आलेला डीफ्रॅग (तो सिमँटेककडून परवान्यावर घेतलेला होता) रंगीत चौकोनांचा नकाशा दाखवत असे, आणि ते चौकोन एकेक करून जागेवर बसताना पाहत राहण्यात एक विचित्र समाधान होते. विंडोज व्हिस्टामध्ये हा नकाशा काढून टाकण्यात आला. बाहेरचा डीफ्रॅगर बसवणाऱ्यांपैकी बरेच जण खरे तर तो नकाशाच परत मिळवत असतात, अशी मला शंका आहे, आणि त्यात मीही आलो.

बाहेरच्या प्रोग्रॅमकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. फाइलचे भाग हलवण्याची सोय विंडोज एनटी ४.० पासून खुद्द कार्यप्रणालीतच आहे आणि आजचे बहुतेक डीफ्रॅगर तीच वापरतात. भाग आधी नव्या जागी उतरवला जातो, मग नोंद बदलली जाते आणि त्यानंतरच जुनी जागा मोकळी होते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी फाइल हरवण्याची शक्यता कमी असते. ‘आमचे तंत्र अधिक सुरक्षित’ हा दावा म्हणूनच फारसा मनावर घेऊ नये. फरक पडतो तो कोणती फाइल हलवायची, कुठे ठेवायची आणि हे तुम्हाला कितपत ठरवू द्यायचे, यांत.

ठरवू देण्याच्या बाबतीत डीफ्रॅगलर मला सर्वांत सोयीचा वाटला. नको असलेल्या फाइली साफ करणारा सीक्लीनर बनवणाऱ्या पिरिफॉर्म कंपनीचा हा प्रोग्रॅम विश्लेषणानंतर विखुरलेल्या फाइलींची यादी तुकड्यांच्या संख्येसह समोर ठेवतो, आणि त्यातल्या हव्या तेवढ्याच फाइली निवडून त्यांच्यापुरते काम करता येते. नकाशातल्या एखाद्या चौकोनावर टिचकी मारली की तिथे कोणत्या फाइली आहेत तेही कळते. यादी उघडताच बहुधा असे दिसते की हजारो तुकड्यांचा दोष मूठभर फाइलींकडे जातो: ईमेलचा मोठा संग्रह, व्हर्च्युअल मशीनची (संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकाची) डिस्क, टॉरेंटने थोडीथोडी उतरवलेली फाइल, एखादा डेटाबेस. तेवढ्याच जुळवल्या की पाच-दहा मिनिटांत काम होते आणि उरलेली डिस्क उगाच ढवळली जात नाही. संपूर्ण ड्राइव्हचे डीफ्रॅगमेंटेशन मात्र यात फार रेंगाळते. भरलेल्या डिस्कवर रात्रभर चालवूनही शेवटच्या काही टक्क्यांशी ते घुटमळत राहिल्याचे मी पाहिले आहे. शिवाय त्याची २.२२ ही आवृत्ती २०१८ची आहे, हेही लक्षात ठेवावे. फाइल हलवण्याची मूळ सोय कार्यप्रणालीचीच असल्याने प्रोग्रॅम जुना आहे म्हणून तो धोक्याचा ठरत नाही, पण नव्या सुधारणांची वाट पाहण्यातही अर्थ नाही.

ज्यांना काळ्या खिडकीत आज्ञा लिहिण्याचे वावडे नाही, त्यांच्यासाठी सिसइंटर्नल्स या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचातला कॉन्टिग याहून नेमका आहे. मार्क रुसिनोविच यांनी लिहिलेले हे छोटे साधन एका वेळी एक फाइल किंवा एक फोल्डर घेते, ती किती तुकड्यांत आहे ते सांगते आणि सलग करून देते. ते बसवावे लागत नाही आणि पार्श्वभूमीला काही चालू ठेवत नाही. आधीच ठरलेल्या आकाराची सलग नवी फाइल तयार करण्याची सोयही यात आहे. व्हर्च्युअल मशीनसाठी जागा राखून ठेवताना ती फार उपयोगी पडते. तुकडे झाल्यावर जुळवण्यापेक्षा ते होऊच न देणे केव्हाही स्वस्त.

मायडीफ्रॅगची विचारसरणी याच्या अगदी उलट आहे. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर एका फेऱ्यात अधिक माहिती मावते, त्यामुळे तिथले वाचन आतल्या भागापेक्षा लक्षणीय वेगाने होते. म्हणून नेहमी लागणाऱ्या फाइली कडेकडे आणि क्वचित लागणाऱ्या आत, अशी संपूर्ण डिस्कची पुनर्रचना हा प्रोग्रॅम करतो. दैनिक, साप्ताहिक, मासिक अशा तयार स्क्रिप्ट त्यात असतात आणि त्या बदलताही येतात. कल्पना सुंदर आहे आणि मासिक स्क्रिप्टनंतर संगणक सुरू होताना फरक जाणवतोही, परंतु त्यासाठी जवळजवळ प्रत्येक फाइल उचलून पुन्हा ठेवावी लागते. त्याची ४.३.१ ही आवृत्ती २०१०ची आहे. कुतूहल म्हणून वापरून पाहण्यास हरकत नाही. सवय म्हणून मी शिफारस करणार नाही.

पैसे मोजून घ्यायच्या प्रोग्रॅमपैकी ओ अँड ओ डीफ्रॅग हा जर्मन कंपनीचा प्रोग्रॅम रेखीव आहे. कमी हालचाल करणारी ‘स्टेल्थ’, मोकळी जागा एकत्र आणणारी ‘स्पेस’ आणि नावानुसार, शेवटच्या वापरानुसार किंवा बदलानुसार फाइली लावणाऱ्या तीन ‘कम्प्लीट’ पद्धती त्यात आहेत. अनेक डिस्क, मोठे संग्रह आणि रोजचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांना वेळापत्रकाची बारीक रचना उपयोगी पडेल; घरच्या एका डिस्कसाठी एवढा खर्च मला पटत नाही. डिस्कीपर या आणखी एका डीफ्रॅगरने फाइल लिहितानाच तुकडे टाळण्याची वाट धरली होती. विंडोज २०००मधला डीफ्रॅगर त्याच्याच निर्मात्यांकडून घेतलेला होता, ही जाता जाता एक गंमत. अल्ट्राडीफ्रॅगच्या सातव्या मालिकेपर्यंतच्या आवृत्त्या मुक्त परवान्याखाली होत्या, नंतर तो व्यावसायिक झाला. विंडोज सुरू होण्यापूर्वी चालून, एरवी कुलूपबंद असणारी पेज फाइल (विंडोज मेमरीला जोड म्हणून वापरते ती) जुळवणे, हे त्याचे वैशिष्ट्य.

एका मोफत प्रोग्रॅमचे नाव मी मुद्दाम घेत नाही. डीफ्रॅगरसोबत रजिस्ट्री साफ करणारे, ड्रायव्हर अद्ययावत करणारे आणि ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलणारे असे तीन पाहुणे त्याने आणले, आणि प्रत्येकाला हाकलायला डीफ्रॅगपेक्षा जास्त वेळ लागला. इन्स्टॉलरमध्ये आधीच खूण केलेले चौकोन दिसले किंवा पहिल्याच तपासणीत शेकडो ‘समस्या’ लाल अक्षरांत झळकल्या, तर तो प्रोग्रॅम तिथेच बंद करावा. विखंडन ही काही आणीबाणी नव्हे.

कोणताही प्रोग्रॅम निवडला तरी काही अडचणी सारख्याच राहतात. रिस्टोअर पॉइंट (संगणक पूर्वस्थितीला नेण्यासाठी विंडोज ठेवते त्या नोंदी) चालू असलेल्या ड्राइव्हवर चार किलोबाइटचे क्लस्टर (फाइलींना जागा वाटण्याचे सर्वांत लहान एकक) असताना मोठे डीफ्रॅगमेंटेशन केले, तर हलवलेला भाग ‘बदललेला’ समजला जाऊ शकतो आणि राखीव जागा भरून जुने रिस्टोअर पॉइंट नाहीसे होतात. हे बहुतेक प्रोग्रॅम सांगत नाहीत. काही मोठ्या डिस्कवर नोंदींचे मार्ग छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकांवर चढवलेले असतात. तिथे थोडा बदल करायलाही शेजारचा पट्टा पुन्हा लिहावा लागतो, त्यामुळे डीफ्रॅग अतोनात मंदावतो. ड्राइव्हवर पंधरा टक्के तरी जागा मोकळी नसेल, तर बहुतेक प्रोग्रॅम तेच तुकडे इकडून तिकडे सारत बसतात; अशा वेळी सगळा संग्रह दुसऱ्या डिस्कवर उतरवून, मूळ डिस्क फॉरमॅट करून परत आणणे अधिक लवकर होते. दोन डीफ्रॅगर आलटूनपालटून तर वापरूच नयेत, कारण दोघांची मांडणीची कल्पना वेगळी असते आणि एकाने लावलेले दुसरा विस्कटतो.

सर्वांत महत्त्वाची सूचना मात्र मी चूक करून शिकलो. वाचन मंदावले म्हणून एका जुन्या डिस्कवर मी संपूर्ण डीफ्रॅग सुरू केला आणि तो एका जागी अडकून तासन्‌तास खरखरत राहिला. मंदपणाचे कारण तुकडे नव्हतेच, डिस्क आतून झिजत होती. तेव्हापासून आधी डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो उघडतो; ‘पेंडिंग सेक्टर’ (खराब असल्याचा संशय असलेले भाग) किंवा ‘रिअलोकेटेड सेक्टर’ (खराब ठरून बदललेले भाग) यांपुढचा आकडा शून्य नसेल, आणि विशेषतः वाढत असेल, तर डीफ्रॅग बाजूला ठेवून बॅकअप घेतो.

सध्या माझ्या संगणकात विंडोजचेच साप्ताहिक वेळापत्रक चालू आहे. कॉन्टिग एका फोल्डरमध्ये पडून असतो आणि व्हर्च्युअल मशीनची फाइल फुगली की तेवढ्यापुरता बाहेर येतो. डीफ्रॅगलर मी काढून टाकलेला नाही. वर्षातून एक-दोनदा उघडतो, यादी पाहतो, आणि खरे सांगायचे तर नकाशाही पाहतो.