तालमीला कोण येणार? हजेरीची साधनं काही महिने वापरल्यानंतर

हौशी नाटकमंडळीसाठी हजेरीचं अ‍ॅप शोधायला बसलं की थोड्याच वेळात कळतं, यातली बहुतेक खेळाच्या संघांसाठी बनवलेली आहेत. टीमस्नॅप घ्या, हेजा घ्या, स्पाँड घ्या, सगळ्यांचा मूळ प्रश्न एकच: किती जण येणार? सरावाला तेवढं पुरतं. दोन खेळाडू कमी असले तरी सराव होतो. नाटकात पंधरापैकी चौदा आले आणि न आलेली एकटी व्यक्ती त्या संध्याकाळच्या प्रत्येक प्रवेशात असली, तर चौदा जण भिंतीला टेकून मोबाइल बघत बसतात. म्हणून प्रत्येक साधन वापरताना मी एवढंच पाहिलं, की हे मला नुसता आकडा देतंय, की आज कुठला प्रवेश बसवता येईल ते सांगतंय.

संस्थेत माझ्याकडे व्यवस्थापन आहे. नट, नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा धरून पंचवीसेक माणसं. सगळ्यांना नोकरी, कॉलेज, घर. मानधन कुणालाच नाही, त्यामुळे दांडी मारणाऱ्याला बोलायचं तरी किती.

सुरुवात अर्थातच व्हॉट्सअ‍ॅपपासून. 2022 मध्ये तिथे पोल आले, आणि कुणाला काही शिकवावं लागत नाही हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण. एका पोलमध्ये जास्तीत जास्त 12 पर्याय देता येतात, म्हणजे दोन आठवड्यांच्या तालमींच्या तारखा मावतात. कोणी कुठे मत दिलं तेही नावासकट दिसतं. दिसत नाही ती मत न दिलेल्यांची यादी, आणि मला रोज हवी असते नेमकी तीच. ग्रुपमधली नावं आणि मत दिलेली नावं शेजारी ठेवून गाळत बसायचं, तोवर पोल गप्पांच्या पुरात वर निघून गेलेला. पिन करून ठेवता येतो, पण तिथेच खाली "मला जरा उशीर होईल", "बघते, प्रयत्न करते" आणि नुसते अंगठे येत राहतात. अंगठा म्हणजे येणार की फक्त वाचलं? नंतर आलेली इव्हेंटची सोय बरी आहे, येणार की नाही ते तिथे स्वतंत्र नोंदवता येतं. एखाददुसऱ्या बैठकीला ती उत्तम. आठवड्यातून चार तालमी आणि प्रत्येकीला वेगळी पात्रं, अशा कामाला अपुरी.

गूगल कॅलेंडरकडून मला बऱ्याच अपेक्षा होत्या. कॅलेंडरची निमंत्रणं ज्या आयकॅलेंडर मानकावर चालतात (आरएफसी 5545, 2009), त्यात निमंत्रिताच्या उत्तराला होकार, नकार आणि कदाचित यांच्याबरोबर चौथीही अवस्था आहे: अजून उत्तर दिलेलं नाही. काहीच कळवलं नाही तर तीच धरली जाते. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी नक्की कधीतरी माणसं गोळा केली असणार. गोची होते ती दर आठवड्याच्या तालमींची मालिका लावल्यावर. पहिल्याच दिवशी लोक "सगळ्या" वर होकार देऊन मोकळे होतात आणि पुढचे दोन महिने यादी हिरवीगार दिसते. त्या हिरव्याला काही अर्थ नसतो. मालिका न लावता प्रत्येक तालीम स्वतंत्र टाकली तर उत्तरं खरी येतात, पण मग लोकांच्या ईमेलमध्ये निमंत्रणांचा ढीग साचतो आणि निम्मे जण तो उघडतही नाहीत. आणखी एक खबरदारी. बाहेरचं कॅलेंडर लिंकने जोडलं असेल तर त्यातला बदल गूगल कॅलेंडरवर उमटायला कित्येक तास लागू शकतात. संध्याकाळची तालीम दुपारी रद्द झाली तर त्याच्या भरवशावर राहू नका, सरळ फोन करा.

तालमीचे वार ठरवायला मात्र वेगळी साधनं लागतात, आणि ती एकदाच. व्हेनटूमीटमध्ये खातं उघडावं लागत नाही. नाव टाकायचं, मोकळ्या वेळेचे चौकोन रंगवायचे, सगळ्यांचे चौकोन एकावर एक पडून गडद भाग दिसतो. रूप जुनाट, मोबाइलवर बोट घसरतं, तरी काम चोख. डूडलमध्ये हो आणि नाही यांच्यामध्ये "अगदीच गरज असेल तर" हा पर्याय देता येतो. हौशी माणसांसाठी तो फार मोलाचा, कारण आपल्याकडे अर्धी माणसं कायम याच अवस्थेत असतात. वार ठरले की दोन्हींचं काम संपलं.

मध्ये एक अ‍ॅप आम्ही मनापासून वापरलं, त्याचं नाव घेत नाही. दिसायला देखणं, प्रत्येकाच्या हजेरीचे टक्के, रंगीत आलेख. नाटक ऐन रंगात असताना त्यांनी मोफत सभासदांची मर्यादा खाली आणली आणि निम्मी मंडळी यादीतून बाहेर पडली. जुनी नोंद एक्सेलमध्ये उतरवून घ्यायची सोय फक्त पैसे भरणाऱ्यांना. तेव्हापासून नवीन काहीही पाहिलं की मी आधी डेटा बाहेर काढायचं बटण शोधते, बाकी गुण नंतर. टक्क्यांचा तर तसाही उपयोग नव्हता. एका प्रवेशापुरत्या येणाऱ्या पात्राची हजेरी चाळीस टक्के दिसायची आणि त्या बिचारीला ओशाळल्यासारखं व्हायचं. तिला बोलावलंच तेवढ्या तालमींना होतं.

आता जे टिकलं त्याबद्दल. मुख्य काम गूगल शीटवर चालतं आणि तिला कुठलंही अ‍ॅप मागे टाकू शकलेलं नाही. पहिल्या पानावर ओळीत पात्रं, स्तंभात प्रवेश. पात्र त्या प्रवेशात असेल तर 1, नसेल तर रिकामं. दुसऱ्या पानावर तीच पात्रं त्याच क्रमाने, स्तंभात तारखा. माणूस येऊ शकत नसेल तर 1. तिसऱ्या पानावर सम्प्रॉडक्ट हे सूत्र प्रवेशाचा स्तंभ आणि तारखेचा स्तंभ यांचा गुणाकार करून बेरीज देतं. शून्य आलं तर त्या दिवशी तो प्रवेश पूर्ण संचात बसवता येतो, आणि कंडिशनल फॉरमॅटिंगमुळे चौकोन हिरवा होतो. एक आलं तर पिवळा, म्हणजे एकाच्या जागी प्रॉम्प्टरने वाक्यं वाचून निभावेल. दोन किंवा जास्त आले तर लाल. दिग्दर्शक आता मला "उद्या किती जण?" विचारत नाहीत, शीट उघडतात आणि म्हणतात, "दुसऱ्या अंकाचा तिसरा हिरवा दिसतोय, तोच घेऊ." पात्रांचा क्रम दोन्ही पानांवर एकच राहिला पाहिजे, कुणी हौसेने एका पानाची नावं वर्णानुक्रमे लावली की सगळे रंग खोटे. म्हणून ते स्तंभ कुलूपबंद ठेवलेत.

यात एक गोष्ट मुद्दाम उलटी केली आहे. "कधी येणार?" असं आम्ही विचारत नाही, "कधी येऊ शकत नाही?" असं विचारतो. वाचनाच्या पहिल्या बैठकीतच गूगल फॉर्मवर लग्नकार्यं, परीक्षा, ऑफिसचे दौरे लिहून घेतो. त्या वेळी कुणाला संकोच नसतो. तोच माणूस पुढे आदल्या रात्री नाही म्हणायला लाजतो आणि गप्प बसतो. फॉर्मची खोड अशी, की माणसाने तारीख बदलून पुन्हा फॉर्म भरला तर जुनी ओळ जात नाही, खाली नवी पडते. म्हणून उत्तर दुरुस्त करायची परवानगी फॉर्मच्या सेटिंगमध्ये आधीच चालू करा.

रोजच्या होकाराला स्पाँड ठेवलंय. हे नॉर्वेचं, पिंड खेळाचाच, पण उपगट करता येतात, ठराविक लोकांनाच बोलावता येतं, नकार देताना कारण लिहिता येतं, आणि उत्तर न दिलेल्यांनाच आठवण जाते. या शेवटच्या सोयीने माझे निम्मे फोन वाचले. लहान मुलं नाटकात असतील तर पालक त्यांच्या वतीने उत्तर देऊ शकतात, तेही सोयीचं. आमचे ज्येष्ठ नट, सगळ्यांचे काका, अ‍ॅपला हात लावत नाहीत. ते फोन करतात: "तू टाक गं लिहून, मी येतोय." मी टाकते, तो प्रश्न मिटला. तक्रार म्हणाल तर प्रवेश ही कल्पना या अ‍ॅपला ठाऊकच नाही. कुणाला बोलवायचं ते शीट बघून मला हाताने निवडावं लागतं. आणि फोन बॅटरी सेव्हरवर असला तर सूचना उशिरा पोचते, हे दर नव्या माणसाला नव्याने सांगावं लागतं.

प्रत्यक्ष हजेरीला दाराशी वही. क्यूआर कोड लावून पाहिला, पण पंचवीस माणसांसाठी तो थाट वाटला. शिवाय वहीत लोक वेळ लिहितात, आणि येणार म्हणणं वेगळं, वेळेवर येणं वेगळं, हे त्याच रकान्यात उघडं पडतं. रंगीत तालमीच्या आठवड्यात मी फक्त ती वही बघते.

प्रयोगाच्या प्रेक्षकांच्या निमंत्रणांसाठी यातलं काहीही वापरू नका. फुकट प्रवेशिकांना हो म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण येत नाहीत, त्याचा हिशोब वेगळा. तिथे साधा फॉर्म आणि आदल्या दिवशीचा आठवणीचा मेसेज पुरतो.

पुढचं नाटक चार पात्रांचं आहे आणि चौघंही प्रत्येक प्रवेशात. तिथे शीटला सांगण्यासारखं काही उरत नाही, कारण एक जण नसला की सगळेच चौकोन पिवळे. त्या वेळी स्पाँडही बंद ठेवायचा विचार आहे. चौघांचा छोटा ग्रुप आणि वही, बास. प्रकाश आणि ध्वनीची मंडळी शेवटच्या पंधरवड्यात आली की मग शीट पुन्हा उघडीन.