कामिकोची, ऑक्टोबरअखेर: पिवळं बघायला जा, लाल शोधू नका

जपानमधल्या कामिकोची या डोंगरातल्या खोऱ्याचं रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार गर्दीत गेला, बाकी तक्रार काही नाही, म्हणजे बारीकसारीक आहे ती पुढे येईलच.

आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो, आईबाबा पुण्याहून आलेले आणि त्यांना "तो झाडांचा सीझन", म्हणजे गळण्याआधी पानं रंगतात तो, दाखवायचाच होता. एका टूर कंपनीच्या पॅम्प्लेटवर कामिकोचीच्या नावाखाली लालभडक मेपल आणि मागे लाल पूल असा फोटो होता, तो कुठला होता देव जाणे कारण कामिकोचीत लाल पूल नाहीच, आहे तो लाकडी झुलता पूल, काप्पाबाशी, आणि रंग म्हणाल तर मुख्य रंग पिवळा. लाल अगदीच नाही असं नाही, मधेमधे दिसतं, पण इथला हिरो आहे कारामात्सु, म्हणजे जपानी लार्च. सूचिपर्णी झाड, पण पाइनसारखं वर्षभर हिरवं राहत नाही, थंडी पडली की सगळ्या सुया पिवळ्याधमक होतात मग तांबूस सोनेरी आणि शेवटी गळून जातात. हे साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ऐन भरात असतं, वर्षानुसार थोडं पुढेमागे. ज्यांना लालच पाहिजे ते इथे येऊन हिरमुसतात आणि मग ऑनलाइन तीन स्टार देतात, ते बघून चिडून हे लिहायला बसले.

जागा कुठे तर नागानो प्रांतात, मात्सुमोतो शहराच्या हद्दीत, जपानच्या उत्तर आल्प्स डोंगररांगेच्या मधोमध साधारण १५०० मीटरवर आझुसा नदीचं सपाट खोरं. चारी बाजूंनी डोंगर, समोर होताकाची रांग, त्यातलं ओकुहोताका ३१९० मीटर, जपानमधलं तिसऱ्या नंबरचं शिखर. खाजगी गाड्या आत सोडत नाहीत, १९७५ पासून निर्बंध आहेत आणि आता तर पूर्ण सीझनभर बंदी. आपल्या माथेरानसारखंच, फक्त दस्तुरीला उतरून चालायच्या ऐवजी इथे बस किंवा टॅक्सी थेट आत सोडते. गाडीने येणाऱ्यांनी सावांदोला पार्क करायची, ताकायामाकडून येणाऱ्यांनी हिरायुच्या बाजूला, आणि पुढे शटल बस.

आमचा रूट असा: शिंजुकूहून आझुसा एक्सप्रेस, अडीच-पावणेतीन तासात मात्सुमोतो, तिथे मुक्काम. सकाळी छोट्या लोकल ट्रेनने अर्ध्या तासात शिन-शिमाशिमा आणि तिथून तासाभराची बस. जेआर पास (जपान रेल्वेचा पास) असणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पास मात्सुमोतोपर्यंतच चालतो, पुढची ट्रेन आणि बस वेगळ्या कंपनीची, वेगळे पैसे. बाबांनी येनचे रुपये करून बघितले आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले 😄 पण बस एकदम टायमात, सीट ठीकठाक, रस्ता वळणावळणाचा आणि बोगद्यांचा, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्या. शेवटाकडचा कामा टनेल चढाचा आहे, त्यानंतर थोड्याच वेळात खोरं उघडतं.

आता सगळ्यात कामाची टिप. बस स्टँडपर्यंत जाऊ नका, अलीकडेच ताइशो-इके स्टॉपला उतरा. हे तळं १९१५ साली शेजारच्या याकेदाके ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि चिखलाने नदी अडवली त्यातून तयार झालं, तेव्हा बुडालेल्या झाडांचे वाळके बुंधे अजून पाण्यात उभे आहेत, पूर्वी खूप होते म्हणतात, आता मोजकेच. नदी गाळ आणतच असते म्हणून तळं दरवर्षी थोडंथोडं भरतं, आणि हे पाणी वीजनिर्मितीला वापरतात म्हणून गाळ उपसावा लागतो. आम्ही पोचलो तेव्हा पाण्यावर वाफ, कठड्यावर दंव, आणि याकेदाकेचं प्रतिबिंब इतकं स्थिर की बाबांनी फोन उलटा धरलाय का ते दोनदा तपासलं.

तिथून काप्पाबाशीपर्यंत निवांत तासाभराचं चालणं, जवळजवळ सपाट, दलदलीवर लाकडी फळ्यांची वाट. आईचे गुडघे दुखतात तरी ती आरामात चालली, फक्त सकाळी फळ्यांवर दंव असतं आणि त्या जाम निसरड्या होतात तेव्हा ग्रिपवाले बूट पाहिजेतच. वाटेत ताशिरोची दलदल आहे, तिथे झाडांपेक्षा गवतच बघण्यासारखं, सगळं खारकेच्या रंगाचं झालेलं आणि प्रत्येक पात्याला बर्फाची पांढरी किनार, ऊन टेकलं की पाच मिनिटांत पाणी होऊन टपटप.

लार्चच्या झाडाखाली आई थांबली, एक फांदी वाकवून बघितली आणि म्हणाली, "अगं हे वाळलंय का? कीड लागलीय वाटतं." लांबून सोन्यासारखं दिसणारं झाड जवळून खरंच आजारी वाटतं. सुया दोन-तीन सेंटीमीटर लांब, झुपक्याझुपक्यात, हात लावला तर काही टोचत नाही, मऊ असतात आणि नुसत्या स्पर्शाने गळतात. वारा आला की शेकड्याने खाली येतात, स्वेटरमध्ये, केसात, थर्मासच्या झाकणात, घरी येऊन सामान झटकलं तरी निघत होत्या. आईला मग इतकं आवडलं की पुढे प्रत्येक झाडाखाली थांबा.

काप्पाबाशीला मात्र दहानंतर बघवत नाही. पूल लांबीला ३६ मीटर आणि रुंदीला तीन मीटर, त्यावर सगळ्या टूर बसमधली माणसं एकदम, सेल्फी स्टिक डोळ्यात जाते. वीकेंडला तर येऊच नका. गंमत म्हणजे पुलापासून वीस मिनिटं वर चाललात की गर्दी अर्धी होते, कारण टूरवाले वेळच देत नाहीत. म्योजिनपर्यंत तासभर लागतो, जंगलातून. तिथलं तळं होताका देवस्थानचं आहे, आत जायला तिकीट, आणि ते द्यायला हरकत नाही, पाणी इतकं नितळ की तळाशी मासे मोजता येतात. शेजारी कामोंजी-गोया ही जुनी झोपडी, इंग्रज पाद्री वॉल्टर वेस्टनला हे डोंगर दाखवणारा वाटाड्या कामिजो कामोंजी, त्याच्या नावाची. चुलीभोवती काड्यांना लावून इवाना मासा मीठ लावून भाजतात. बाबांनी डोक्यापासून शेपटीपर्यंत खाल्ला, काटासुद्धा सोडला नाही, त्यांच्यामते अख्ख्या जपानमधलं हे सगळ्यात भारी जेवण.

शाकाहारी लोकांचं काय? अवघड आहे. सोबा (बकव्हीटच्या नूडल्स) सगळीकडे मिळतो पण त्याच्या पाण्यात माशाचा अर्क असतोच. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती म्हणून निभावलं. बाकावर बसून खाताना माकडांकडे लक्ष ठेवा, ती इथे बिनधास्त वाटेवरून चालत जातात, त्यांना काही द्यायचं नाही, डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही. कचरापेट्या नाहीत, आपला कचरा आपल्यासोबत परत. टॉयलेटला १०० येनची नाणी टाकायची पद्धत आहे, स्वच्छ असतात, सुट्टे ठेवा. अस्वलांच्या पाट्या जागोजागी दिसतील, घाबरू नका पण आवाज करत चाला (आमच्या घरच्यांना वेगळं सांगावं लागत नाही).

थंडीचं सांगते, सकाळी शून्याच्या आसपास, दुपारी उन्हात जॅकेट काढावं लागतं, आणि डोंगर उंच असल्यामुळे तीन-साडेतीनलाच खोऱ्यात सावली पसरून परत गारठा. त्यामुळे फोटोचा वेळ सकाळ ते दुपार एवढाच धरा. परतीची बस त्याच्या आत पकडलेली बरी, आणि बस स्टँडवर आल्याआल्या आधी परतीच्या सीटचं बघा, मग चहा प्या. सीझनमध्ये लाइन वेडीवाकडी होते, वयस्कर माणसं सोबत असतील तर तासभर उभं राहणं जड जातं. आत राहायला लॉज आहेत, १९३३ साली सुरू झालेलं लाल छपराचं तेइकोकू (इंपीरियल) हॉटेलही आहे, त्याचं भाडं बघून आम्ही बाहेरूनच फोटो काढला. पण बजेट असेल तर एक रात्र आत राहाच, कारण शेवटची बस गेली की पूल रिकामा होतो.

१५ नोव्हेंबरला सगळं बंद होतं, मग थेट एप्रिलच्या मध्यापर्यंत बस नाही. नोव्हेंबरात गेलात तर लार्चच्या काड्या उरलेल्या असतात, वर बर्फ चांगला दिसतो पण रंग संपलेला.

आणि लालच हवं असेल ना, तर ते याच वाटेने पुढे आहे, कारासावाला, २३०० मीटरवर, तिथे नानाकामादोची झुडपं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेटतात. पण पुलापासून सहा तासांची चढण, रात्री तंबू नाहीतर खच्चून भरलेली हट. नवरा पुढच्या वर्षी जायचं म्हणतोय. आईबाबांना तिथे नेऊ नका.